लेकीचे वजन



घरचा जमाखर्च कसा मांडतात, हे आपल्याला आता येते. किती आले, किती गेले, शिल्लक किती राहिली, हे आपण वहीत लिहितो. आजचा पाठही जमाखर्चाचाच आहे. पण हा हिशोब पैशाचा नाही. हा अन्नाचा आणि मेहनतीचा हिशोब आहे. आणि तो आपल्या कॉलेजात जाणाऱ्या लेकींचा आहे.

१८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. मुलींना शिकवते म्हणून लोकांनी सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला. तरी त्या शिकवीत राहिल्या. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले. २०१४ साली त्याला सावित्रीबाईंचे नाव दिले. आज आपल्या रावेतच्या, पुनावळ्याच्या, किवळ्याच्या मुली त्याच विद्यापीठाची पदवी घेतात. ज्या घरात आजीला अंगठा उठवावा लागला, त्या घरातली नात इंजिनियर होते आहे. केवढी आनंदाची गोष्ट!

पण शिकणाऱ्या मुलीची तब्येत जर ढासळली, तर ते शिक्षण तिला पेलेल का? पुढची गोष्ट वाचा. ही कोणा एका घराची गोष्ट नाही. अशा पुष्कळ घरांतून थोडेथोडे घेऊन ती पाठासाठी रचली आहे.

एका घरची गोष्ट

रावेतात पवनेच्या बाजूला एक घर होते. घरात आजी, आई, वडील, थोरली लेक आणि धाकटा मुलगा. पूर्वी त्यांची शेती होती. १९९७ साली रावेत पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. मग रस्ते आले, मोठ्या इमारती आल्या. शेत गेले. वडील चाकणला कंपनीत जाऊ लागले. थोरली कॉलेजात जाऊ लागली.

बारावीला असताना थोरलीचे वजन ५२ किलो होते. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला ते ६२ किलो झाले. आजी म्हणायची, "पोरगी कशी अंगाने भरली! खात्यापित्या घरची दिसती." शेजारणी मात्र निराळेच बोलायच्या. "अगं, एवढी जाड झाली तर स्थळ कसं यायचं?" पाहुणे हसायचे. धाकटा भाऊसुद्धा चिडवायचा.

मुलगी काही बोलेना. तिने गुपचूप रात्रीचे जेवण सोडले. "मला भूक नाही," म्हणायची आणि खोलीत जाऊन बसायची. सकाळी तर ती कधीच खाऊन जात नव्हती. असे पाच आठवडे गेले. एके दिवशी कॉलेजच्या जिन्यात तिला भोवळ आली आणि ती पडली.

वडील घाबरले. घाबरलेला माणूस रागावतो, तसे ते रागावले. म्हणाले, "उद्यापासनं कॉलेज बंद. जीव राहिला तर शिक्षण."

मुलगी रडू लागली. आई साक्षरता वर्गात येत होती. तिला अक्षरे आणि आकडे वाचता येऊ लागले होते. ती म्हणाली, "अहो, आधी दवाखान्यात तर जाऊ. काय झालंय ते कळू द्या. मग काय ते ठरवा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुलीचे रक्त तपासले. तपासणीचा कागद आईने हातात घेतला. एक आकडा तिने बोट ठेवून वाचला, ९.२. तिने विचारले, "बाई, हे नऊ पूर्णांक दोन कशाचं?"

"हे रक्तातल्या हिमोग्लोबिनचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाईमाणसाचं ते निदान १२ पाहिजे. तुमच्या मुलीला रक्त कमी आहे."

आजी चकित झाली. "असं कसं? एवढी जाडजूड पोर, आन् रक्त कमी?"

"आजी, जाड असणं वेगळं आणि ताकद असणं वेगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोत्यात भुसा भरला तरी पोतं फुगतं. पण त्याचं पीठ होतं का?"

जाडी आणि अशक्तपणा एकत्र कशी?

आजीला जे कोडे पडले, ते आपल्याही घरात आहे. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघरी जाऊन लोकांच्या आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांचे आकडे असे आले : १०० पैकी सुमारे २३ जणींचे वजन फाजील होते. सुमारे २१ जणी फार बारीक होत्या. आणि ५४ जणींना रक्त कमी होते. म्हणजे जाड बायका आहेत, बारीक बायका आहेत, आणि दोन्हींत रक्त कमी असणाऱ्या आहेत.

याचे कारण समजून घेऊ.

अन्न दोन कामे करते. एक, ते चुलीतल्या सरपणासारखे जळते आणि शरीराला काम करायला बळ देते. हे बळ उष्मांकात मोजतात. त्यालाच कॅलरी म्हणतात. दुसरे, अन्न शरीराची बांधणी आणि डागडुजी करते. त्यासाठी डाळी, दूध, अंडी, पालेभाज्या, फळे लागतात. रक्तासाठी लोह लागते. लोह पालेभाज्या, कडधान्ये, तीळ, बाजरी, मटण यांतून मिळते.

साखर, मैदा आणि तेल यांत सरपण पुष्कळ, पण बांधणीचा माल थोडा. एक ग्रॅम साखरेत ४ उष्मांक असतात. एक ग्रॅम तेलात ९ असतात. म्हणून तळलेले थोडेच खाल्ले तरी हिशोब मोठा होतो. जे सरपण जळत नाही, ते शरीर चरबी करून साठवून ठेवते. माणूस जाड होतो, पण रक्ताला लोह मिळत नाही. आजीचे कोडे इथे सुटते.

मुलीचा दिवस

आईने घरी येऊन मुलीला जवळ बसवले. म्हणाली, "मी तुला बोलणार नाही. फक्त दिवसभर काय खातीस ते सांग. मी वहीत लिहिते." मुलीने सांगितले :

सकाळी सात वाजता निघायची घाई. एक कप चहा, बाकी काही नाही. अकरा वाजता फार भूक लागते. मग कॅन्टीनमध्ये दोन वडापाव. दुपारी मैत्रिणींबरोबर थंड पेयाची बाटली. चार वाजता बिस्किटे किंवा चिप्सचा पुडा. परीक्षा असली की रात्री एकपर्यंत जागरण, हातात मोबाईल आणि सोबत फरसाण.

आता हिशोब पाहा. एका वडापावात सुमारे २५० ते ३०० उष्मांक असतात. दोनांचे पाचशे ते सहाशे झाले. थंड पेयात शंभराला दहा-अकरा भाग साखर असते. २५० मिलीच्या छोट्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचे नियम छापले. त्यांत वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असे सांगितले आहे. एका छोट्या बाटलीतच ती मर्यादा संपली. चहाची साखर अजून धरलीच नाही.

ही झाली जमा. आता खर्च पाहू. आजीच्या तरुणपणी पाणी नदीवरून येई. दळण जात्यावर होई. शेतावर जायचे तर पायी. दिवसभर अंग मोडून काम असे. नात कॉलेजला स्कूटीवर जाते. वर्गात सहा तास बसते. वर चढायला लिफ्ट आहे. घरी आली की पुन्हा पुस्तक किंवा मोबाईल घेऊन बसते. तिला आळशी म्हणू नका. डोक्याचे काम तिला पुष्कळ आहे. पण त्या कामात अंग हलत नाही.

अर्धा तास झपझप चालले तर सुमारे १२० ते १५० उष्मांक खर्च होतात. म्हणजे एक वडापाव जिरवायला तासभर चालावे लागते. मग नुसते चालून भागणार नाही, आणि नुसते खाणे कमी करूनही भागणार नाही. जमा आणि खर्च, दोन्हींकडे पाहिले पाहिजे.

जागरणाचाही यात भाग आहे. झोप कमी झाली की भूक जास्त लागते, आणि मन गोड व तळलेल्याकडे धावते. तरुण मुलीला सात-आठ तास झोप हवी.

पुण्याच्या डॉक्टरांनी काय शोधले?

कोणी म्हणेल, थोडी जाडी असली तर बिघडले काय? गोऱ्या लोकांत तर आपल्याहून जाड माणसे असतात. याचे उत्तर आपल्या पुण्यातच मिळाले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे मोठे अभ्यासक आहेत. १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. गरोदर बायका काय खातात, काय काम करतात आणि त्यांची बाळे कशी जन्मतात, हे त्यांनी पाहिले. ही बाळे सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधली बाळे सुमारे साडेतीन किलोची. आपली बाळे बारीक होती. त्यांचे स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती.

२००४ साली डॉ. याज्ञिकांनी आपला आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचे वजन उंचीच्या मानाने अगदी सारखे. पण चरबी मोजली तर इंग्रज मित्राच्या अंगात शंभराला ९ भाग, आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात शंभराला २१ भाग निघाली!

म्हणून आपल्या लोकांना थोड्या जाडीनेही धोका होतो. पोटाभोवती चरबी साठली की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाचा विकार लवकर येतो. तरुण मुलींत आणखी एक त्रास दिसतो. पाळी महिनोन् महिने चुकते, चेहऱ्यावर मुरुम आणि लव येते, वजन वाढते. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात. हा मुलीचा दोष नाही. तो शरीरातल्या रसांचा बिघाड आहे. अशा मुलीचे वजन शंभराला पाच भाग जरी उतरले, तरी पुष्कळदा पाळी सुधारते. पाळीची गोष्ट लाजून लपवू नका. डॉक्टरांना सांगा. कधी कधी थायरॉईडच्या बिघाडानेही वजन वाढते. तेही रक्त तपासून कळते.

मोजून पाहा

अंदाजाने कोणालाही जाड किंवा बारीक म्हणू नये. मोजावे. दोन रीती सांगतो.

पहिली रीत सुतळीची. आपल्या उंचीएवढी सुतळी कापा. तिची बरोबर अर्धी घडी घाला. ती घडी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवा. टोके एकमेकांना भेटली तर ठीक. भेटली नाहीत तर पोटावर चरबी जास्त आहे.

दुसरी रीत हिशोबाची. उंची मीटरमध्ये घ्या. तिला तिनेच गुणा. जो आकडा येईल त्याने वजनाला भागा. आपल्या थोरलीची उंची १.५ मीटर. १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५. वजन ६२ किलो. ६२ भागिले २.२५ म्हणजे सुमारे २७.५. आपल्या लोकांसाठी १८.५ ते २३ हा आकडा चांगला. २३ च्या वर गेला तर सावध व्हा. २५ च्या वर गेला तर लठ्ठपणा समजा. १८.५ च्या खाली गेला तर अंग फार बारीक आहे. तीही काळजीचीच गोष्ट आहे.

हा हिशोब आईने स्वतः केला. भागाकार जमेना तेव्हा लेकीने मदत केली.

घराने काय केले?

डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "उपास करायचा नाही. वजन घटवायची पावडर किंवा गोळी जाहिरात पाहून घ्यायची नाही. महिन्याला किलो-अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ आहे. आणि हिला कोणी एक शब्द बोलायचं नाही." लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

घराने मग असे नेम ठरवले :

१. सकाळी खाल्ल्याशिवाय कोणी घराबाहेर पडायचे नाही. भाकरी-भाजी, पोहे, थालीपीठ, उकडलेले अंडे, जे असेल ते. वडिलांनाही हाच नेम.

२. मुलीला कॅन्टीनसाठी पैसे द्यायच्या ऐवजी डबा द्यायचा. डब्यात भाजी, उसळ, भाकरी आणि एखादे फळ. पेरू, केळे, मोसंबी, जे स्वस्त असेल ते.

३. जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही. चहा जेवणातले लोह अंगी लागू देत नाही. जेवणात लिंबू पिळायचे. त्याने लोह चांगले लागते.

४. तेल मोजून आणायचे. माणशी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल पुरे, असे पोषण संस्था सांगते. पाच माणसांना महिन्याला चार किलो झाले. आईने डबा तपासला, तर घरात सात किलो लागत होते!

५. धान्य थोडे कमी, भाजी जास्त. पोषण संस्थेच्या ताटात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस आणि २५० ग्रॅम धान्य आहे.

६. रोज संध्याकाळी अर्धा तास झपझप चालायचे.

सहावा नेम सर्वांत अवघड गेला. मुलगी म्हणाली, "आई, मी एकटी चालायला गेले की पोरं मागं गाड्या फिरवतात. रस्त्याला फुटपाथ नाही. कुठं चालू?"

आई गप्प झाली. ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. मुलगी नहाण आल्यापासून आपणच तिला सांगत आलो, "आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस." लंगडी बंद केली, खो-खो बंद केला. आता तीच बसून जाड झाली म्हणून आपणच तिला हसतो!

मग आई स्वतः मुलीबरोबर निघाली. दोघींच्या चार झाल्या, चारांच्या नऊ झाल्या. पाऊस असला की या बायका मंदिराच्या मंडपात झिम्मा-फुगडी घालतात. मंगळागौरीचे खेळ वर्षाला एकदाच खेळावे असे कोठे लिहिले आहे?

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. रक्त ९.२ वरून ११.८ झाले. वजन ६२ वरून ५९ झाले. आईचेही दोन किलो उतरले. मुलगी काही सडपातळ झालेली नाही. आजी अजून तुपाची वाटी पुढे सरकवते. पण मुलगी आता जिना चढताना थांबत नाही. आणि कॉलेज बंद करण्याची गोष्ट वडिलांनी पुन्हा काढली नाही. तिने वर्षाची परीक्षा दिली.

गावाने काय करावे?

सगळेच एका घराच्या हातात नसते. मुलींना खेळायला मैदान पाहिजे. चालायला उजेड असलेला रस्ता पाहिजे. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वडापावाच्या जोडीला उसळ, ताक आणि फळेही पाहिजेत. मुलींसाठी स्वच्छ संडास पाहिजे, कारण तो नसला की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. आपल्या रावेतच्या बंधाऱ्यावरून पवनेचे पाणी उचलून पिंपरी-चिंचवडला जाते. शहराला पाणी देणाऱ्या गावाने आपल्या लेकींसाठी एक मैदान मागितले तर ते जास्त होईल का? अर्ज लिहायला तुम्ही शिकला आहात. तो लिहा. खाली सह्या करा. अंगठा नको, सही.

नवे शब्द

उष्मांक – अन्नातले बळ मोजण्याचे माप.
हिमोग्लोबिन – रक्ताला लाल रंग देणारा आणि अंगभर प्राणवायू नेणारा भाग.
लोह – रक्तासाठी लागणारे द्रव्य.
लठ्ठपणा – अंगात फाजील चरबी साठणे.

उत्तरे सांगा

१. मुलगी जाड असूनही तिला भोवळ का आली?
२. छोट्या थंड पेयाच्या बाटलीत किती चमचे साखर असते?
३. मुलीने रात्रीचे जेवण सोडले, ते बरोबर केले का? का?
४. शेजारणींच्या बोलण्याने मुलीचे काय नुकसान झाले?

करून पाहा

१. घरातल्या सर्वांची सुतळीने मोजणी करा. पुरुषांनीही करावी.
२. बिस्किटाच्या पुड्यावर साखरेचा आकडा छापलेला असतो. अक्षरे इंग्रजी असतील तर 'शुगर' हा शब्द कसा दिसतो ते मुलीकडून शिकून घ्या. पाच ग्रॅम म्हणजे एक चमचा, असा हिशोब करा.
३. तुमच्या घरात महिन्याला किती तेल लागते ते वहीत लिहा. माणसे किती, तेही लिहा. पुढच्या वर्गाला वही घेऊन या.